पुढे एक, मागे दोघे

दिवाळी अंकाची वेळ आली की संपादकमंडळींच्या बोलण्यात साखरेचा पाक उतरतो. एरवी या सदरात दोन ओळी जास्त झाल्या तर निर्दयपणे कात्री चालवणारे आमचे संपादक फोनवर म्हणाले, "सर, यंदा ऐसपैस लिहा. लहान गावातली वाहतूक आणि तिचं नियोजन असा विषय आहे. पण हसतखेळत हं!"

मी कॉलेजात मराठी शिकवतो. वाहतुकीशी माझा संबंध सकाळची लोकल पकडण्यापुरता, आणि नियोजन या शब्दाशी तर तेवढाही नाही. ते खाते आमच्या घरी पहिल्यापासून सौभाग्यवतींकडे आहे. तिला विषय सांगितला तेव्हा ती आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या सोडवीत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही आणि वाहतूक? रस्ता ओलांडताना अजून माझा हात धरता तुम्ही." हे खरे असल्यामुळे मी गप्प बसलो.

तेवढ्यात लाडवांसाठी डिंक निवडत बसलेल्या आईचा आतून आवाज आला, "अरे, माथेरानावर लिही की. गाडीच नाही तिथं वाहतूक कशी चालते ते लिही. आणि माझंही लिही. मी बसले होते ते."

ती कशात बसली होती, हे आमच्या घरात सहसा कोणी बोलत नाही. पण आता तिनेच परवानगी दिली आहे, तेव्हा सांगतो.

वाहतुकीच्या नियोजनाविषयी आपणा सर्वांची समजूत साधारण सारखीच असते. रस्ता अरुंद वाटू लागला की रुंद करावा. रुंद केलेला भरला की गावाबाहेरून एक वळणरस्ता काढावा. तोही भरला की पूल बांधावा आणि पुलाखाली गाड्या लावाव्यात. मध्यंतरी एखादा रस्ता एकमार्गी करून पाहावा व लोकांनी आरडाओरड केली की पुन्हा दुमार्गी करावा. मी डोंबिवलीत वाढलो. लहानपणी स्टेशनापासून घरापर्यंत रस्त्याच्या मधोमध गप्पा मारीत येता येई. आता कडेने येतानासुद्धा तोंडातला शब्द तोंडातच ठेवावा लागतो. गाव वाढले, गाड्या वाढल्या, प्रत्येक जण दुसऱ्याच्या गाडीला दोष देऊ लागला. (माझी गाडी नाही. त्यामुळे मला सर्वांना दोष देता येतो, हा एक मोठा फायदा.)

माथेरानने यातले काहीएक केले नाही. कर्जत तालुक्यातले हे डोंगरमाथ्यावरचे गाव २०११ च्या जनगणनेत साडेचार हजारांच्या आतले, आणि तरीही स्वतःची नगरपरिषद असलेले. तिथे वाहतुकीचा प्रश्न एका वाक्यात सोडवून टाकलेला आहे: वाहन आत आणायचेच नाही. नेरळहून चढून आलेल्या मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात. तिथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर. एवढे अंतर ज्याने त्याने आपल्या सोयीने काटावे. रुग्णवाहिकेसारखा अपवाद वगळला तर मोटारीचा आवाज त्या झाडीत शिरत नाही. तांबडी माती, जांभळाची आणि अंजनाची झाडे, माकडे, आणि पायांचा आवाज. मुंबईचा माणूस पहिल्या रात्री तिथे झोपतो तेव्हा त्या शांततेनेच त्याला जाग येते.

गावाचा इतिहासही तसा प्रवासाचाच इतिहास आहे. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० च्या मे महिन्यात हा डोंगर चढून गेले आणि साहेबलोकांना उन्हाळ्यासाठी एक थंड जागा सापडली. (तिथे आधीपासून राहणाऱ्या धनगर-ठाकरांना ती सापडलेलीच होती, पण त्यांनी कुठे लिहून ठेवले नाही.) वर जायचे म्हणजे घोड्यावरून, पालखीतून नाही तर पायी. मग १९०४ साली अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी रेल्वे बांधायला घेतली. वडिलांचे, म्हणजे सर आदमजी पीरभॉय यांचे, पैसे आणि मुलाची जिद्द. खर्च सोळा लाख रुपये. रुळांमधले अंतर अवघे दोन फूट. वीस फुटांना एक फूट अशी चढण. म्हणून गाडी डोंगराला वळसे घालीत, मागे फिरत, पुन्हा पुढे येत, वीस-एकवीस किलोमीटरांत वर पोचते. १९०७ च्या मार्चमध्ये ती सुरू झाली. आपल्याकडे नियोजन म्हणताच सरकार डोळ्यांपुढे येते. इथे एका व्यापाऱ्याच्या मुलाने एका गावाला शंभर वर्षे पुरेल असा रस्ता आखून दिला, आणि तोही मोटारीची गरज पडू नये असा.

या गाडीतून मी पहिल्यांदा गेलो १९९० च्या उन्हाळ्यात. माझे वय नऊ. वडील शाळामास्तर, राष्ट्र सेवा दलात वाढलेले. प्रवासाला निघताना ते कपड्यांपेक्षा माहिती जास्त बरोबर घेत. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज अशी स्टेशनांची नावे त्यांनी आम्हा भावंडांकडून पाठ करून घेतली होती. मार्गावर एकच बोगदा, आणि त्याचे साहेबी नाव 'वन किस टनेल'. मी वडिलांना अर्थ विचारला, तेव्हा त्यांनी खिडकीबाहेरच्या एका झाडाची माहिती द्यायला सुरुवात केली.

बाजारपेठेच्या स्टेशनावर उतरलो आणि पाचव्या मिनिटाला आईच्या चपलेचा अंगठा तुटला. लगेच एक रिक्षा पुढे आली. उंच चाकांची, काळ्या टपाची. पुढे दांड्यांमध्ये एक माणूस आणि मागे ढकलायला दोघे. "बसा ताई," पुढचा म्हणाला. वडिलांनी हात आडवा केला. "नाही. माणसानं माणसाला ओढायचं नाही." बिमल रॉय यांचा 'दो बिघा जमीन' हा १९५३ चा चित्रपट त्यांनी किती वेळा पाहिला होता कोण जाणे. कलकत्त्याच्या रस्त्यावर रिक्षा ओढत धावणारे बलराज साहनी त्यांच्या डोळ्यांसमोरून कधी हलले नाहीत. रिक्षावाला एवढेच म्हणाला, "साहेब, सकाळपासून बोहनी नाही." आई काही बोलली नाही. चपला हातात घेऊन त्या तांबड्या मातीतून अनवाणी चालत निघाली.

आपले वडील मोठे तत्त्वनिष्ठ आहेत, असे वाटून तेव्हा माझी छाती फुगली होती. ती हकीकत मी शाळेत निबंधातही लिहिली. त्या निबंधात मी एक गोष्ट लिहिली नाही, कारण ती माझ्या लक्षातच आली नव्हती. फार वर्षांनी आईने सहज सांगितले, "अरे, आपला तो होल्डॉल आणि ट्रंक होती ना, ती एका बाईनं डोक्यावरून आणली. बारीकशी होती, माझ्यापेक्षा लहान. तीही अनवाणीच चालत होती माझ्यापुढं." माथेरानात सामान वाहणाऱ्या बाया तेव्हाही होत्या. आसपासच्या वाड्यांतून पायवाटेने वर येत, ओझी वाहत आणि संध्याकाळी उतरून जात. माणसाने माणसाला ओढू नये हे वडिलांना दिसले. बाईने ट्रंक वाहू नये हे दिसले नाही. मी त्यांना दोष देत नाही. मलाही दिसले नव्हते, आणि मी तर त्यावर दहापैकी आठ गुण मिळवले होते.

वडील २०१५ साली गेले. त्यानंतर आईने एकच हट्ट धरला: एकदा माथेरानला न्या. आम्ही जायचे ठरवले ते २०१८ च्या डिसेंबरात. तोवर तिची बहात्तरी झाली होती आणि डाव्या गुडघ्याने असहकार पुकारला होता. आमच्या नियोजनमंत्र्यांनी सर्व आखून दिले होते, पण मी निघताना चष्मा शोधण्यात वीस मिनिटे घालवली. एक कर्जत लोकल चुकली आणि नेरळला पोचेपर्यंत वर जाणाऱ्या छोट्या गाडीची तिकिटे संपलेली. मग टॅक्सीने दस्तुरी. तिथून अमन लॉज ते माथेरान अशी गाडीची फेरी असते, पण पुढच्या फेरीला अवकाश होता आणि आईला तिथे बाकावर तासभर बसवेना.

दस्तुरीवर उतरणाऱ्या प्रवाशाभोवती काय गर्दी जमते, ते ज्यांनी अनुभवले आहे त्यांना सांगायला नको. एका घोडेवाल्याने आईला विचारले, "आजी, घोडा?" आई म्हणाली, "या वयात घोड्यावर बसवतोस? वरात काढतोस का माझी?" सगळे हसले. हसणे ओसरले तेव्हा समोर रिक्षा उभी होती. तशीच, उंच चाकांची. पुढे एक, मागे दोघे.

आईने माझ्याकडे पाहिले. मी हिच्याकडे पाहिले. ही म्हणाली, "तीन किलोमीटर चढ आहे. त्या चालू शकणार नाहीत." वडील असते तर काय म्हणाले असते हे आम्हा तिघांनाही ठाऊक होते. आई बसली.

मी रिक्षाच्या बाजूने चालत होतो, पिशवी खांद्याला. रस्ता म्हणजे माती आणि मातीतून डोके काढलेले दगड. पावसाने माती धुऊन नेली की दगड उरतात, उन्हाळ्यात त्याच मातीचा धुरळा होतो. चढ आला तसा पुढच्याचा देह दांड्यांवर झुकला आणि मागच्या दोघांनी मान खाली घालून खांदे टेकवले. मागच्यांपैकी एकाचे केस पार पिकलेले. वय माझ्या थोरल्या मामाचे असावे. मला राहवेना. मी पिशवी हिच्याकडे दिली आणि मागून हात लावला. तो पिकल्या केसांचा माणूस धापा टाकतच म्हणाला, "साहेब, हात काढा. तोल जातो."

मी हात काढला. एवढा ओशाळलो की पुढे दहा पावले कोणाकडे पाहिले नाही.

मोठ्या चढावर आईनेच ओरडून गाडी थांबवली. "मी उतरते. एवढा चढ चालेन मी. माझ्याच्यानं बघवत नाही हे." तेव्हा पुढचा माणूस दांडे न सोडता मागे वळून म्हणाला, "बसा आजी. सगळ्यांनाच बघवत नाही. पण बघवत नाही म्हणून उतरलात तर भाडं पुरं द्याल का निम्मं?"

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, हिशेब होता. आई उतरली नाही. पुढचा सारा रस्ता तिने डोळे मिटून जप केला. जप कोणाचा होता हे मी विचारले नाही.

वर पोचल्यावर आम्ही सगळ्यांनी चहा घेतला. आईने डब्यातले लाडू काढून तिघांच्या हातांवर ठेवले आणि विचारपूस सुरू केली. (आमच्या आईने विचारपूस केली की शिरगणती खात्याला काम उरत नाही.) त्यात कळले ते असे. रिक्षाचा परवाना पुढच्या माणसाच्या नावावर. मागचे दोघे त्याच्याबरोबर रोजावर. पिकल्या केसांचा माणूस खालच्या एका वाडीतला. रोज पहाटे निघून पायवाटेने तासा-दीड तासात वर यायचे, दिवसभर ढकलायचे आणि अंधार पडायच्या आत उतरायचे. वाडीला रस्ता नाही. आईने विचारले, "गुडघे दुखत नाहीत?" तो म्हणाला, "दुखत्यात की. पण तुमचे दुखत्यात म्हणून तर आम्हाला काम हाय." हे ऐकून आई हसली, आणि हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला.

त्या दोन दिवसांत मी काही पॉइंट पाहिले नाहीत. गाव पाहिले. गॅसचे सिलिंडर, भाजी, सिमेंट, हॉटेलातल्या गाद्या, सारे घोड्याच्या पाठीवरून, हातगाडीवरून नाही तर माणसाच्या डोक्यावरून येत होते. शाळेतली पोरे दप्तरे पाठीवर टाकून धुरळ्यातून जात-येत होती. चिक्कीच्या दुकानात मी त्या शांततेची तारीफ केली, तर चिक्की तोडता तोडता दुकानदार म्हणाला, "शांतता तुम्हाला दोन दिवस. पायपीट आम्हाला बारा महिने. रात्री घरात कोणी आजारी पडलं की समजतं शांतता काय असते." पण याच गृहस्थाला मी विचारले, मग मोटारी वर येऊ द्याव्यात का? तो चटकन म्हणाला, "छे छे! मग गाव राहील का आमचं?"

या उत्तरावर मी पुष्कळ विचार केला आहे. वाहने नकोत हा निर्णय चांगलाच होता आणि आहे. केंद्र सरकारने २००३ च्या फेब्रुवारीत माथेरानचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला, तेव्हा ही बंदी कायद्याने आणखी पक्की झाली. डोंगर वाचला, झाडी वाचली. पण वाहन बंद केल्याने ओझे बंद होत नाही. ते कोणाच्या तरी अंगावर जाते. कोणाच्या, हा प्रश्न आराखडे करणाऱ्यांनी विचारला नाही. आम्ही पाहुण्यांनीही विचारला नाही, कारण उत्तर आमच्या समोरच दांडे धरून उभे होते आणि आम्हाला ते जुन्या काळचे, चित्रासारखे वाटत होते. लोक त्या रिक्षाबरोबर फोटो काढून घेत.

आणि पीरभॉयांची गाडी? ती असती की निम्मा भार हलका होतो. पण सह्याद्रीचा पाऊस तिला सुखाने जगू देत नाही. २००५ च्या जुलैच्या त्या भयंकर पावसात मार्ग वाहून गेला, तो २००७ साली पुन्हा सुरू झाला. २०१९ च्या पावसाळ्यात पुन्हा तीच गत. नेरळहून वर जाणारी गाडी २०२२ च्या ऑक्टोबरात परत चालू झाली. मधल्या वर्षांत अमन लॉजपासूनच्या छोट्या फेऱ्या तेवढ्या चालत. म्हणजे गाडी थांबली की खांदे होतेच. खांद्यांना दुरुस्तीचा खर्च नाही.

रिक्षा ओढणाऱ्यांनीच अखेर हा प्रश्न हाती घेतला. आम्हाला विजेवर चालणारी रिक्षा द्या, असे म्हणत त्यांची संघटना थेट सर्वोच्च न्यायालयात गेली. धूर नाही, आवाज नाही, मग संवेदनशील डोंगराला बाधा कसली, असे त्यांचे म्हणणे. २०२२ च्या मे महिन्यात न्यायालयाने प्रयोग करून पाहण्यास अनुमती दिली आणि त्या वर्षीच्या ५ डिसेंबरपासून तीन महिने दस्तुरी ते बाजारपेठ अशा सात ई-रिक्षा धावल्या.

योगायोगाने जानेवारीत आमच्या कॉलेजची सहल तिथे गेली. दस्तुरीवर मी त्या ई-रिक्षा पाहिल्या. मला वाटले होते तशा त्या काही कुरूप नव्हत्या. एखाद्या आज्ञाधारक मुलासारख्या मुकाट्याने चढ चढत होत्या. एकीत शाळेची पोरे कोंबून बसली होती आणि गात होती. मला फार बरे वाटले. पण शेजारी घोडेवाले उभे होते, त्यांचे चेहरे गात नव्हते. त्यांच्यातला एक म्हणाला, "आज ही आली. उद्या हिच्यामागनं मोटार येईल. घोड्याला चंदी रोज लागते, सर. गिऱ्हाईक नसलं म्हणून घोडा उपास करत नाही." दुसऱ्याने पायाखालचा रस्ता दाखवला. ई-रिक्षेला घट्ट रस्ता हवा, मातीही वाहून जाऊ नये, म्हणून फरशीवजा पेव्हर ब्लॉक बसवायचे चालले होते. आणि त्यावर घोड्याचा नाल घसरतो, असे त्याचे म्हणणे. चाकाला जे सोयीचे ते खुराला अडचणीचे. दोघेही खरेच बोलत होते.

पिकल्या केसांच्या त्या माणसाला मी सगळीकडे शोधले. भेटला नाही. नाव सांगितले तर ओळखणारे खूप निघाले, पण तो कुठे आहे ते कोणी सांगेना. एक जण म्हणाला, "तो मागचा ना? मागच्यांचं काय सांगावं!"

पुढची गोष्ट मी वर्तमानपत्रांतून वाचत गेलो, आणि आई ती माझ्याकडून वाचून घेत गेली. २०२४ साली न्यायालयाने ई-रिक्षांची संख्या वीसवर ठेवली आणि त्या हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच मिळाव्यात असे सांगितले. हातरिक्षांचे परवाने होते चौऱ्याण्णव. आईने चौथीपर्यंतची शाळा शिकवलेली आहे, तिचा हिशेब तोंडी असतो. "चौऱ्याण्णवांत वीस," ती म्हणाली, "आणि एकेका रिक्षेमागं तीन माणसं. म्हणजे दोनशे ब्याऐंशी. त्यातले दोनतृतीयांश मागचे."

मग ६ ऑगस्ट २०२५ चा निकाल आला. सरन्यायाधीश गवई यांच्या खंडपीठाने माथेरानातील हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा असा आदेश दिला. माणसाने माणसाला ओढणे ही अमानुष प्रथा आहे आणि पैशाची अडचण ही सबब चालणार नाही, असेही सांगितले. गुजरातेत केवडियाला, सरदार पटेलांच्या पुतळ्यापाशी, तिथल्या आदिवासी स्त्रिया ई-रिक्षा चालवतात. तशी योजना इथे करावी, खऱ्याखुऱ्या रिक्षावाल्यांना आधी गाड्या द्याव्यात आणि उरलेल्या आदिवासी स्त्रियांना व आसपासच्या लोकांना. पेव्हर ब्लॉक दस्तुरीपासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर चालतील. आतल्या वाटा मातीच्याच राहतील.

त्या निकालात १९८० च्या एका खटल्याची आठवण होती. मी तो मुद्दाम शोधून वाचला. मराठीच्या माणसाने कायद्याच्या पुस्तकात डोके घातले हे पाहून आमचे ग्रंथपाल चकित झाले. खटला पंजाबातल्या सायकलरिक्षांचा. जो स्वतः रिक्षा चालवतो त्यालाच परवाना, असा कायदा तिथे १९७५ साली झाला होता. हेतू उत्तम, पण चालवणाऱ्याजवळ रिक्षा विकत घ्यायला पैसे कुठले? म्हणजे भाड्याची रिक्षा गेली आणि स्वतःची आली नाही. तेव्हा न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी कायदा मोडीत न काढता बँकेच्या कर्जाची एक योजनाच आखून दिली, की जेणेकरून ओढणारा हाच मालक व्हावा. पंचेचाळीस वर्षांपूर्वी एका न्यायाधीशाने रिक्षावाल्याच्या हप्त्यांचा विचार केला होता, हे वाचून मला जे वाटले ते कादंबऱ्या वाचूनही क्वचितच वाटते.

ऑगस्टातल्या त्या दिवशी मी सारी बातमी आईला मोठ्याने वाचून दाखवली. आता ती एकोणऐंशीची आहे. शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "चांगलं झालं. तुझ्या वडिलांना बरं वाटलं असतं." मग थोड्या वेळाने, "खरे रिक्षावाले म्हणजे कोण रे? ज्याच्या नावावर कागद आहे तो, की ढकलतो तो?"

मी कागद पुन्हा पाहिला. ते ठरवण्याचे काम कलेक्टरांच्या समितीकडे दिलेले होते. तसे मी तिला सांगितले.

"मग त्यांनी वाडीत जाऊन विचारायला हवं. तो काही अर्ज करायचा नाही. त्याला वाटेल, आपण मागचे."

लेख इथवर लिहून झाला तेव्हा मी तो तिला वाचून दाखवला. 'डोळे मिटून जप केला' हे वाक्य तिला आवडले नाही, पण खोडायला सांगितले नाही. एकच दुरुस्ती सांगितली: त्या दिवशी लाडू डिंकाचे नव्हते, मेथीचे होते. मी 'डिंकाचे' असे लिहिलेलेच नाही हे तिला दाखवले, तर म्हणाली, "मग मेथीचे म्हणून लिही."

सध्या रोज संध्याकाळी ती दाराबाहेरच्या सामाईक गॅलरीत फेऱ्या घालते. एका टोकाला जिना, दुसऱ्या टोकाला शेजाऱ्यांची तुळस. काठी असते, पण टेकत नाही, हातात नुसती धरते. हिने विचारले, कशासाठी एवढा खटाटोप? तर म्हणे थंडीत माथेरानला जायचे आहे, दस्तुरीपासून चालत.

"आणि ई-रिक्षा?" मी विचारले.

"ती शाळेच्या पोरांना राहू दे. आपण सावकाश जाऊ. वाटेत बसू."

"आणि तो भेटला तर? त्याचं भाडं?"

आई थांबली. याचा विचार तिने आधीच करून ठेवलेला असावा. "भाडं पुरं द्यायचं. बसायचं नाही. नुसता बरोबर चालू दे म्हणावं." मग काठी दुसऱ्या हातात घेत म्हणाली, "फार तर पिशवी देऊ त्याच्याकडे."

मला त्या बाईच्या डोक्यावरची ट्रंक आठवली. मी काही बोललो नाही. पण आईने माझ्या चेहऱ्याकडे पाहिले आणि तिलाही ती आठवली असावी, कारण पुढच्या फेरीला वळताना ती म्हणाली, "नको. पिशवी तू घे."

काल बावीस फेऱ्या झाल्या.